शेळ्यांचा झाडपाला चारा

शेळ्यांचा झाडपाला चारा : झाडे व झुडपे यांची पाने, कोवळे शेंडे, फुले, शेंगा, फळे आणि क्वचित साल या शेळ्यांच्या खाण्यात येणाऱ्या भागांना एकत्रितपणे झाडपाला चारा म्हणतात. गवत, कडबा व लागवडीचा हिरवा चारा यांहून तो वेगळा समजला जातो. गवत पावसाबरोबर उगवते व पावसाबरोबर संपते. झाडाची मुळे मात्र खोल जमिनीतील ओल शोषून घेतात व त्यामुळे इतर चारा संपलेल्या महिन्यांतही झाडावर पाला राहतो. कोरडवाहू प्रदेशात शेळीपालन टिकून आहे, ते मुख्यतः या एका कारणाने. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सु. १४ कोटी ८९ लाख व महाराष्ट्रात सु. १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यांतील बहुसंख्य शेळ्या भूमिहीन वा अल्पभूधारक कुटुंबांच्या असून त्यांच्यासाठी चाऱ्याचे स्वतंत्र पीक सहसा घेतले जात नाही. शेताचे धुरे, पांदणी, गायराने, ओढ्यांचे काठ व जंगलांच्या कडा येथील झाडझाडोरा हेच त्यांचे कुरण होय.

कोणत्या झाडाचा पाला अधिक पौष्टिक, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यातील प्रथिनांच्या टक्केवारीवरून दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे. पाल्यातील प्रथिनांपैकी शेळीच्या अंगी किती लागतात, तो पाला वर्षाच्या कोणत्या काळात मिळतो व तो काढल्यानंतर झाड पुढील वर्षी पुन्हा तितकाच पाला देऊ शकते की नाही, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्यावरच झाडाचे चारा म्हणून खरे मोल ठरते.

शेळीची खाण्याची पद्धत : रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे आर. आर. हॉफमन यांनी गवत चरणारे, पाला खुडणारे व मध्यम असे तीन गट पाडले. गाय, म्हैस व मेंढी पहिल्या गटात, तर शेळी मध्यम गटात मोडते. ती गवतही खाते. परंतु मोकळीक मिळाल्यास झाडाझुडपांकडे वळते. तिचा वरचा ओठ लवचिक व जीभ चपळ असल्यामुळे बाभूळ, हिवर, बोर यांच्या काट्यांमधील बारीक पाने ती एकेक करून टिपते. मागील दोन पायांवर उभी राहून माणसाच्या उंचीएवढ्या फांदीपर्यंत ती पोहोचते. एका ठिकाणी पोट भरून न खाता चार घास इथले, चार घास तिथले अशी तिची रीत असते. ही रीत चंचलपणाची वाटली, तरी पोषणाच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे. एका झाडातील अपायकारक द्रव्य मर्यादित मात्रेत पोटात जाते व दुसऱ्या झाडाच्या पाल्याने त्याची तीव्रता कमी होते. शिवाय जंतांच्या अळ्या गवताच्या जमिनीलगतच्या भागात अधिक असतात; उंचावरचा पाला खाणाऱ्या शेळीच्या पोटात त्या कमी जातात.

प्रौढ शेळी दररोज आपल्या वजनाच्या सु. ३ ते ४ टक्के शुष्क पदार्थ खाते. सु. ३० किग्रॅ. वजनाच्या शेळीस हे प्रमाण साधारण १ किग्रॅ. पडते. ताज्या पाल्यात ६० ते ७० टक्के पाणी असल्यामुळे तेवढा शुष्क पदार्थ केवळ पाल्यातून मिळण्यासाठी ३ किग्रॅ.च्या आसपास ओला पाला लागतो.

अन्नघटक : शेळीच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव वाढतात आणि चाऱ्यातील तंतूंचे विघटन करून शेळीस ऊर्जा मिळवून देतात. या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी नायट्रोजन लागतो व तो चाऱ्यातील प्रथिनांतून मिळतो. चाऱ्याच्या शुष्क पदार्थात प्रथिने सु. ७ टक्क्यांहून कमी असल्यास सूक्ष्मजीवांची उपासमार होते. तंतूंचे पचन मंदावते, चारा पोटात अधिक काळ पडून राहतो व शेळीचे खाणेच घटते. म्हणजे निकृष्ट चारा भरपूर असूनही जनावर अर्धपोटी राहते. ज्वारीचा कडबा व उन्हाळ्यातील वाळलेले गवत यांची अवस्था नेमकी हीच असते. त्यांच्या जोडीला थोडा पाला दिल्यास सूक्ष्मजीवांना नायट्रोजन मिळतो व कडबाही अधिक चांगला पचतो. पाल्याचे पहिले महत्त्व असे पूरक खाद्याचे आहे.

कोष्टकात काही नेहमीच्या झाडांच्या पाल्यातील कच्च्या प्रथिनांचे शुष्क पदार्थातील स्थूल प्रमाण दिले आहे. जमीन, ऋतू व पानाचे वय यांनुसार ते बदलते. कोवळ्या पानांत ते अधिक व जून पानांत कमी असते.

कोष्टक : झाडपाला व कोरडा चारा यांतील कच्ची प्रथिने (शुष्क पदार्थाचे शेकडा प्रमाण)

हादगा, पाने : २४ ते ३०
सुबाभूळ, पाने : २० ते २५
शेवरी, पाने : २० ते २५
गिरिपुष्प, पाने : २० ते २५
शिरीष, पाने : १७ ते २३
कडुनिंब, पाने : १२ ते १८
बाभूळ, पाने : १२ ते १७
बाभूळ, शेंगा : १० ते १४
बोर, पाने : ११ ते १५
शमी, पाने : ११ ते १५
वड, पिंपळ व उंबर, पाने : ८ ते १३
अंजन, पाने : ८ ते १०
ज्वारीचा कडबा : ३ ते ५
वाळलेले गवत : २ ते ४

खनिजांपैकी कॅल्शियम पाल्यात विपुल असते. अनेक झाडांत ते शुष्क पदार्थाच्या दीड ते तीन टक्के भरते. फॉस्फरस मात्र बहुधा पाव टक्क्याहून कमी असतो. केवळ पाल्यावर वाढणाऱ्या जनावरात या दोहोंचा तोल बिघडू शकतो. गव्हाचा कोंडा व सरकीची ढेप यांत फॉस्फरस चांगला असल्याने गाभण व दुभत्या शेळ्यांना त्यांची थोडी जोड देणे हितावह ठरते. हिरव्या पाल्यातील कॅरोटिनापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. उन्हाळ्यात कोरड्या चाऱ्यात ते जवळजवळ नसते. त्या काळात हिरवा पाला हाच त्याचा मुख्य साठा असतो.

टक्केवारीची मर्यादा : चाऱ्याच्या पृथक्करणाची रूढ पद्धत जर्मनीतील वेंडे येथील प्रयोगकेंद्रात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हेनेबेर्ग व श्टोमान यांनी बसविली. भारतातही चाऱ्यांच्या पोषणमूल्यांची आरंभीची कोष्टके याच पद्धतीने तयार झाली, त्यांत के. सी. सेन यांचे संकलन विशेष प्रसिद्ध आहे. या पद्धतीत चाऱ्यातील एकूण नायट्रोजन मोजून त्यास ६·२५ ने गुणतात व येणाऱ्या आकड्यास ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात. हा नायट्रोजन प्रथिनातील आहे की अन्य संयुगातील, व प्रथिनातील असला तरी तो पचण्याजोगा आहे की नाही, हे त्या आकड्यावरून समजत नाही. गवत व धान्य यांच्या बाबतीत ही त्रुटी फारशी जाणवत नाही. झाडपाल्यात ती मोठी ठरते. कारण पाल्यात टॅनिने असतात.

टॅनिने ही तुरट चवीची द्रव्ये होत. कातडी कमाविण्यास बाभळीची साल वापरतात ती त्यांच्यामुळेच. कातड्यातील प्रथिनांशी ती घट्ट जोडली जातात. शेळीच्या पोटात चाऱ्यातील प्रथिनांच्या बाबतीत हेच घडते. टॅनिनांनी बांधलेली प्रथिने सूक्ष्मजीवांना फोडता येत नाहीत आणि बंध फारच घट्ट असल्यास ती न पचताच लेंड्यांतून बाहेर पडतात. राजस्थानात खेजडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शमीच्या पाल्याचे उदाहरण यासंदर्भात प्रसिद्ध आहे. त्यातील कच्च्या प्रथिनांचा आकडा चांगला असला, तरी त्यांपैकी निम्म्याहून कमी पचतात.

एका हिशेबावरून हा फरक स्पष्ट होईल. ३० किग्रॅ. वजनाच्या, दूध न देणाऱ्या शेळीस केवळ निर्वाहासाठी दररोज सु. ३५ ग्रॅ. पाच्य प्रथिने लागतात. तिला नुसता १ किग्रॅ. कडबा दिल्यास त्यातून ४० ग्रॅ. कच्ची प्रथिने मिळतात. परंतु पचणारा भाग १२ ग्रॅ.च्या आसपासच असतो. आता कडबा ७०० ग्रॅ. करून उरलेल्या ३०० ग्रॅ. शुष्क पदार्थासाठी सु. १ किग्रॅ. ओला पाला दिला व त्यात १४ टक्के कच्ची प्रथिने आहेत असे मानू. कडब्यातून सु. ८ ग्रॅ. पाच्य प्रथिने येतील. पाल्यातील कच्ची प्रथिने ४२ ग्रॅ. भरतील. त्यांपैकी ६५ टक्के पचली तर २७ ग्रॅ. मिळून एकूण ३५ ग्रॅ. होतात व शेळीची गरज भागते. तीच ३५ टक्के पचली तर १५ ग्रॅ. मिळून एकूण २३ ग्रॅ.च होतात आणि शेळी स्वतःच्या अंगावरील मांस झिजवू लागते. दोन्ही झाडांसमोर कोष्टकात १४ हाच आकडा असतो. पाल्याऐवजी तितकाच सुबाभळीचा पाला दिल्यास २२ टक्के प्रथिने व ६५ टक्के पचन धरून पाल्यातून ४३ ग्रॅ. व एकूण ५१ ग्रॅ. पाच्य प्रथिने मिळतात. निर्वाहानंतर उरणाऱ्या १६ ग्रॅ.मध्ये सु. ३०० मिलि. दुधापुरत्या प्रथिनांची तरतूद होऊ शकते. पिलू पाजणाऱ्या शेळीच्या बाबतीत एवढे दूध म्हणजे करडू जगणे वा न जगणे यांतील अंतर ठरू शकते.

टॅनिने सर्वस्वी वाईट नव्हेत. शुष्क पदार्थात त्यांचे प्रमाण २ ते ४ टक्के असेल, तर ती प्रथिनांना कोठीपोटात अनावश्यक फुटू न देता पुढे आतड्यात नेतात व तेथे बंध सुटून प्रथिने पचतात. टॅनिनयुक्त पाला खाणाऱ्या शेळ्यांत जठरातील रक्तशोषक जंताचे प्रमाण घटल्याचेही आढळले आहे. प्रमाण ५ ते ६ टक्क्यांपलीकडे गेल्यावर मात्र खाणे व पचन ही दोन्ही घटतात. अशा वेळी एकाच झाडाचा पाला न देता दोनतीन झाडांचा मिसळून देणे हा सर्वांत सोपा उपाय होय. मोकळी चरणारी शेळी तो आपण होऊन करते. बांधून पोसलेल्या शेळीसाठी तो माणसास करावा लागतो.

मिमोसीन व शेळी : टॅनिनांखेरीज अन्य द्रव्येही पाल्याचे मूल्य बदलतात. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसीन हे त्यांचे बोधप्रद उदाहरण होय. सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेतील. महाराष्ट्रात तिचा प्रसार १९७० नंतरच्या दशकात वेगाने झाला व त्यात मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय ॲग्रो-इंडस्ट्रीज फाउंडेशनचा (बाएफ) मोठा वाटा होता. पाला प्रथिनयुक्त, चविष्ट व झटपट वाढणारा. परंतु केवळ त्यावर पोसलेल्या जनावरांचे केस गळणे, गलगंड होणे, वजन घटणे अशी लक्षणे काही देशांत दिसून आली. मिमोसिनाचे कोठीपोटात डीएचपी नामक द्रव्यात रूपांतर होते व ते गलग्रंथीच्या कार्यात अडथळा आणते. हवाई बेटांतील शेळ्यांना मात्र हा त्रास होत नाही, असे ऑस्ट्रेलियन संशोधक रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले. त्या शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपीचे विघटन करणारा जंतू होता. १९८० नंतरच्या दशकात हे जंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडण्यात आले व तेथील विषबाधेचा प्रश्न बव्हंशी सुटला. १९९२ मध्ये या जंतूस जोन्स यांच्या नावावरून सिनर्जिस्टिस जोनेसाय हे नाव मिळाले. पाल्याचे पोषणमूल्य केवळ पानात नसून खाणाऱ्याच्या पोटातही असते, हे या शोधाने दाखवून दिले. तरीही सुबाभळीचा पाला एकूण शुष्क पदार्थाच्या सु. ३० टक्क्यांहून अधिक देऊ नये व आहारात तो हळूहळू आणावा, हा नियम पाळणे योग्य ठरते.

वऱ्हाडातील वर्षचक्र : अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर व त्याभोवतीचा प्रदेश पाल्याच्या ऋतुमानाचे चांगले उदाहरण आहे. जमीन काळी, पिके प्रामुख्याने कपाशी, तूर, सोयाबीन व संत्रा. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उन्हाळ्यात तापमान ४२° ते ४५° से.पर्यंत चढते. येथील गावरान शेळी बेरारी या नावाने ओळखली जाते. ती फिकट ते गडद तांबूस रंगाची असून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ‘शेळी’ऐवजी ‘बकरी’ हाच शब्द या भागात अधिक ऐकू येतो.

पावसाळ्यात गवत व धुऱ्यांवरील झुडपे मुबलक असतात; मात्र पिके उभी असल्यामुळे शेळ्यांना शिवारात फिरण्यास वाव नसतो. त्या गावाच्या ‘ई-क्लास’ जमिनीवर, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर, वा पांदणीने चारल्या जातात. दिवाळीनंतर धुऱ्यावरील बोरीचा पाला व पुढे बोरे उपयोगी पडतात. तुरीची सोंगणी झाल्यावर गळालेला पाला, शेंगांची टरफले आणि कुटार यांतून बऱ्यापैकी प्रथिने मिळतात. कपाशीचा शेवटचा वेचा होऊन उलंगवाडी झाली की पऱ्हाटीत जनावरे सोडण्याची प्रथा आहे. हिरवी पाने व अर्धवट बोंडे शेळ्या आवडीने खातात. फवारणी होऊन पुरेसे दिवस लोटल्याची खात्री मात्र करून घ्यावी लागते. संत्र्याच्या झाडांचे पाणसोट काढतात, तो पालाही शेळ्यांना चालतो. कीटकनाशकाचा फवारा झालेला वा मोरचूदयुक्त बोर्डो मिश्रण लागलेला पाला मात्र देऊ नये.

खरी कसोटी फाल्गुनापासून मृगापर्यंत असते. गवत संपलेले, शेते नांगरलेली व सागासारख्या झाडांची पानगळ झालेली असते. या काळात चार झाडे शेळ्यांना तारतात. कडुनिंबास मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटते. पिंपळ व उंबर यांची नवी पानेही याच सुमारास येतात. बाभूळ जवळजवळ वर्षभर हिरवी राहते व तिच्या शेंगा एप्रिल ते जूनमध्ये पिकून गळतात. शेंगांत प्रथिनांबरोबर सहज पचणारी शर्करायुक्त द्रव्ये असल्याने त्या चारा व खुराक यांच्या मधल्या प्रतीच्या ठरतात. बाभळीच्या पाल्याचा कोष्टकातील आकडा सुबाभळीपेक्षा कमी असूनही वऱ्हाडातील शेळीपालकास बाभूळ अधिक मोलाची वाटते, याचे कारण हा मोसम होय. सुबाभूळ पाण्याच्या सोयीवर फुलते; बाभूळ वैशाखातही आपल्या जोरावर उभी असते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल क्षारयुक्त असल्याने बागायती चारा घेणे कठीण असते, तेथे तर तिला पर्याय थोडेच आहेत. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडात वनखात्याने बाभूळबने राखली होती. इंधन व अवजारांचे लाकूड यांबरोबर चारा हाही त्यांचा उपयोग होता.

बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेळ्या रवंथ करताना त्यांतील बरेचसे बाहेर टाकतात आणि असे बी लवकर रुजते. शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यातून गोळा केलेले बी पेरण्याची जुनी पद्धत यावरच आधारलेली आहे. हीच गोष्ट वेड्या बाभळीच्या (प्रोसोपिस जुलिफ्लोरा) बाबतीत उपद्रवकारक ठरते. तिचा पाला शेळ्या टाळतात, पण गोड शेंगा खातात व बी दूरवर पसरवितात. दीर्घकाळ केवळ या शेंगांवर राहिलेल्या जनावरांत जबड्याच्या स्नायूंचा पक्षाघात आढळतो.

वर्ज्य वनस्पती : चाऱ्याच्या टंचाईत शेळी एरवी टाळलेल्या वनस्पतींकडेही वळते व विषबाधेचे प्रकार याच काळात अधिक घडतात. ओढ्यानाल्यांच्या काठी माजलेली बेशरम दुष्काळातही हिरवीगार असते. ती खाण्याची शेळीस चटक लागते व काही आठवड्यांत मज्जासंस्था बिघडून मान थरथरणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. घाणेरीमुळे यकृतास इजा होऊन कावीळ होते व उन्हात कातडी सोलवटते. कण्हेरीतील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात व थोडी पानेही घातक ठरतात. हिवराच्या पाल्यात व शेंगांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असल्याने त्या उपाशी पोटी व एकदम मोठ्या प्रमाणात देऊ नयेत. गिरिपुष्पाचा पाला विषारी नसला, तरी त्याच्या वासामुळे नवख्या शेळ्या तो नाकारतात. तोडून काही तास सुकविल्यावर त्या तो खाऊ लागतात.

छाटणी व जतन : शेळ्यांमुळे जंगले नष्ट होतात, हा आक्षेप जुना आहे व तो निराधार नाही. कोवळ्या रोपाचा शेंडा वारंवार खुडला गेला तर ते झाड होतच नाही. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार यांसारख्या गावांनी पाणलोट विकासाबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी लागू केली, ती या कारणाने. तेथे हिरवाई परतल्याचेही दिसून आले. परंतु चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे शेत आहे तो चारा कापून आणू शकतो. ज्याचे शेतच नाही, त्यास शेळ्या विकाव्या लागतात. दुसरीकडे ई-क्लास जमिनीवरील अतिक्रमणे, ट्रॅक्टरच्या सोयीसाठी तोडले जाणारे धुरे व त्यांवरील झाडे यांमुळे पाल्याचा साठा शेळीचे तोंड न लागताही घटत असतो. झाड राखणे व शेळी राखणे हे दोन परस्परविरोधी पक्ष नसून, पाला कसा काढला जातो यावर दोन्ही अवलंबून असतात.

मोठ्या झाडाचा पाला काढताना शेंड्याकडील निदान एकतृतीयांश भाग राखावा. त्यावर झाड नवी वाढ करते. त्याच झाडाची पुन्हा छाटणी वर्षभर करू नये. फांद्या ओरबाडून न काढता धारदार कोयत्याने, खोडास इजा न करता कापाव्यात. पिंपळ, उंबर यांच्या छाटणीसाठी झाडे वाटून घेऊन आळीपाळीने कापणे चांगले. सुबाभूळ व शेवरी धुऱ्यावर ओळीने लावल्यास सु. १ मी. उंचीवर कापणी करतात. पाणी असल्यास ४० ते ६० दिवसांनी पुन्हा पाला मिळतो. सुबाभळीच्या शेंगा पिकण्यापूर्वी कापणी केल्यास तिचे बी शेतात पसरत नाही. नव्या लागवडीस पहिली दोनतीन वर्षे, म्हणजे शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत, संरक्षण अत्यावश्यक असते.

पावसाळ्यानंतरचा जादा पाला सावलीत वाळवून पोत्यांत भरून ठेवता येतो. उन्हात वाळविल्यास कॅरोटीन नष्ट होते व बारीक पाने झडून वाया जातात. बाभळीच्या शेंगा गोळा करून कोरड्या जागी साठविल्यास पावसाळ्याच्या आरंभीही उपयोगी पडतात. त्या भरडून दिल्यास बियांतील प्रथिनेही पचतात. पाला जमिनीवर न टाकता पेंढी बांधून शेळीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा. मातीत तुडविलेला पाला शेळी सहसा तोंडात घेत नाही.

संशोधन : शेळ्यांच्या पोषणावरील संशोधनासाठी मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ मध्ये केंद्रीय शेळी संशोधन संस्था स्थापन झाली; झाशी येथील भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था १९६२ पासून चारावृक्षांचा अभ्यास करीत आली आहे. विदर्भात अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची अकोला येथील स्नातकोत्तर संस्था ही अध्यापन-संशोधनाची केंद्रे होत. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र अमरावती जिल्ह्यात पोहरा येथे आहे.

चारावृक्षांची लागवड करताना एकाच अधिक प्रथिनांच्या झाडाची निवड करण्यापेक्षा ऋतूंची साखळी जुळविणे महत्त्वाचे असते. पाण्याजवळ शेवरी, हादगा व सुबाभूळ, कोरड्या धुऱ्यावर बाभूळ व बोर, गावालगत कडुनिंब व शिरीष, ओढ्याकाठी उंबर व पिंपळ अशी मांडणी केल्यास वर्षाचा कोणताही महिना पाल्यावाचून जात नाही, टॅनिनांचा भार वाटला जातो आणि कोणत्याही एका झाडावर कुऱ्हाडीचा अतिरेक होत नाही. बाभूळ, पिंपळ व उंबर यांना पूर्ण वाढीस अनेक वर्षे लागत असल्याने, धुऱ्यावर उभे असलेले जुने झाड टिकविणे हे नवे लावण्याइतकेच, किंबहुना शेळीपालकाच्या दृष्टीने त्याहूनही अधिक, महत्त्वाचे असते.